शटर दुरुस्त करून गेलेला चोर

१

घरात चोरी झाली की काहीतरी मोडतं. कुलूप मोडतं, कडी मोडते, निदान एखादी काच तरी फुटते. या घरात सगळं उलटं झालं होतं. चोरी झाली, आणि दोनेक वर्षं मोडून पडलेलं खिडकीचं शटर दुरुस्त झालं.

"आत्या, तू हसू नकोस," धाकटा फोनवर म्हणाला.

"मी कुठे हसतेय," आत्या म्हणाली. ती चांगलीच हसत होती.

आत्याचा जन्म विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेला होता. जळालेली गोदामं, पाणी शिरलेली तळघरं, 'आपोआप' पेटलेल्या गाड्या, सगळं तिनं वाकून वाकून पाहिलं होतं. लोक आयुष्यभर तिच्याशी खोटं बोलले, पण त्यांचा तिला कधी राग आला नाही. एखादं खोटं मन लावून रचलेलं असलं तर तिला त्याचं कौतुकच वाटे. आता ती निवृत्त झाली होती, गुडघे कुरकुरत होते, पण आपल्याला उलगडणार नाही असं काही जगात असेल यावर तिचा अजून विश्वास बसला नव्हता.

"नीट सांग," ती म्हणाली. "गेलंय काय?"

"बाबांचं लाकडी घर."

आत्याचं हसू थांबलं. बाबा म्हणजे तिचा मोठा भाऊ. लग्नानंतर तो आणि वहिनी एका खोलीत राहत होते, तेव्हा त्यानं वहिनीला घर बांधून द्यायचा शब्द दिला होता. बांधायला हातात काहीच नव्हतं, म्हणून त्यानं आधी लाकडाचं केलं. टेबलावर मावेल एवढं, दोन मजली, जिना असलेलं. खिडक्यांना काडीएवढ्या पात्यांची शटरं होती आणि दोरा ओढला की ती खरोखर वर जायची. पुढे खरं घर झालं ते त्याच नमुन्यावर. भाऊ गेल्यावर ते लाकडी घर त्याच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर राहिलं. विकायला गेलं तर त्याला कोणी विचारणार नाही, आणि वहिनीच्या लेखी त्याच्यापुढे बाकी घर काहीच नाही.

धाकट्यानं पुढचं एका दमात सांगितलं. त्या खोलीचं शटर बाबा गेल्यावर थोरल्यानं 'सुधारायला' घेतलं होतं. पट्टा तुटला, शटर धाडकन खाली आलं ते आलंच. आईनं तेव्हा थोरल्याला नाही नाही ते ऐकवलं आणि खोलीला कुलूप घातलं. पुन्हा कोणी तिथे हात लावायचा नाही, असा हुकूमच होता. किल्ली स्वयंपाकघराच्या खणात असते, सगळ्यांना माहीत आहे. काल संध्याकाळी थोरल्याची बायको अंगणातून आत येत होती, तर मागच्या खोलीचं शटर वर गेलेलं. सगळे धावले. दार उघडलं, तर टेबल रिकामं.

"आणि थोरला म्हणतोय, नवीनं नेलं."

नवी म्हणजे धाकट्याची ठरलेली बायको. घरात अजून यायची होती म्हणून सगळे तिला नवीच म्हणत. तिच्या वडिलांचं खिडक्यांच्या शटरांचं दुकान होतं आणि ती लहानपणापासून तिथेच वाढली होती.

"आज संध्याकाळी तिचे आईबाबा येतायत, आत्या. लग्नाची तारीख ठरवायला. थोरला म्हणतो, तारीख कसली, मी त्यांना दारातूनच परत पाठवणार."

"आणि तुझी आई काय म्हणते?"

"आई काहीच बोलत नाही."

आत्यानं खुंटीवरची कापडी पिशवी खांद्याला लावली. ती पिशवी वहिनीनंच शिवलेली होती आणि इतक्या वर्षांत तिचा एक टाका सुटला नव्हता. चष्मा, बॅटरी, भिंग आणि स्क्रू ड्रायव्हर आत टाकून आत्या निघाली.

२

मागची खोली आत्यानं आधी एकटीनं पाहिली. बाकीच्यांना तिनं बाहेर थांबवलं, कारण पाहणी करताना शेजारी कोणी उभं राहिलं की ते बोटं दाखवत बसतं.

भिंतीत पुस्तकं, कोपऱ्यात भावाची खुर्ची, खिडकीखाली टेबल. दोन वर्षं बंद असलेल्या खोलीत सगळीकडे धूळ होती, टेबल तेवढं लख्ख पुसलेलं. आत्या त्याच्यावर वाकली. मागच्या कडेला लाकडात एक खोल खोक पडली होती आणि खोकेच्या आतलं लाकूड अजून ताजं, पिवळं होतं.

मग ती खिडकीकडे वळली. शटर म्हणजे खिडकीबाहेरचा अरुंद पात्यांचा पडदा. खिडकीच्या वर लांबट पेटी, पेटीत आडवा जड दांडा, त्यावर हा पडदा गुंडाळला जातो. दांड्याच्या टोकाला चाक, चाकाला पट्टा, आणि पट्ट्याचं दुसरं टोक खिडकीशेजारी भिंतीत बसवलेल्या स्प्रिंगच्या डबीत. पट्टा ओढला की शटर वर जातं आणि सैल सोडला की खाली येतं. आत्यानं ओढून पाहिलं. शटर कुरकुरत वर गेलं, कुरकुरत खाली आलं. काम बरं जमलं होतं.

पट्टा कोरा, बदामी रंगाचा होता.

ती खुर्चीवर चढली. गुडघ्यांनी निषेध नोंदवला, तिनं लक्ष दिलं नाही. पेटीच्या झाकणाचे स्क्रू ओरबाडलेले होते. प्रत्येकाच्या खाचेतून काहीतरी निसटून बाजूचा रंग खरवडला गेला होता. हे स्क्रू ड्रायव्हरचं काम नव्हे. एखादी सुरी किंवा पळीचा दांडा वापरला की असं होतं.

खाली उतरून तिनं भिंतीतली डबी उघडली. पट्ट्याचं टोक आत एका आकड्यात अडकवलेलं होतं. ते टोक दुमडून जाड दोऱ्यानं शिवलं होतं, आणि आकड्यासाठी पाडलेल्या भोकाची कडसुद्धा दोऱ्यानं बांधून काढली होती.

"वा," आत्या स्वतःशीच म्हणाली.

शेवटी तिनं खिडकीच्या बाजूच्या उभ्या खाचेत बॅटरी मारली. पाती जिथून वरखाली सरकतात तिथे, अगदी तळाशी, एक बारीक काडी अडकली होती. तिनं चिमटीनं ती ओढून काढली. पॉलिश केलेली, दोन्ही टोकं गोल घासलेली. भाऊ या काड्या घासत बसायचा तेव्हा आत्या समोर चहा पीत बसलेली असायची. हे लाकडी घराच्या शटरचं पातं होतं.

म्हणजे घर इथून उचलून नेलेलं नव्हतं. ते इथेच तुटलं होतं.

आत्या भावाच्या खुर्चीत बसली आणि तिनं काडी रुमालात गुंडाळली. तिला एकदम त्याची फार आठवण आली. मग तिनं नाक पुसलं, पाठ ताठ केली आणि थोरल्याला हाक मारली.

३

थोरला आत आला तो छाती पुढे काढून. हा घरातली प्रत्येक वस्तू स्वतः दुरुस्त करत असे, म्हणजे सुरुवात तरी करत असे. त्याच्या हत्यारांच्या पेटीत नसेल ते हत्यार बाजारात मिळत नसे.

"यात तपास कसला करायचाय, आत्या?" तो म्हणाला. "घरात शटर कोणाला दुरुस्त करता येतं? तिला. काल दुपारी गल्लीच्या तोंडाशी कोण दिसली? ती. काखोटीला काय होतं? पट्ट्याचं बंडल. अजून काय पाहिजे?"

"चोरी कशाला करेल ती?"

"मागे एकदा आली होती तेव्हा खोली दाखवली होती आईनं. ते घर बघून काय म्हणाली माहितीये? हे आमच्या दुकानाच्या काचेत ठेवलं तर लोक थांबून बघतील. स्वतःच्या तोंडानं म्हणाली."

"बरं. आणि चोरून झाल्यावर तिनं शटर कशाला दुरुस्त केलं?"

थोरला खिडकीकडे बघू लागला.

"चोराला घाई असते," आत्या म्हणाली. "खुर्चीवर चढून, पेटी उघडून, पट्टा ओवून, झाकण परत लावून, टेबल पुसून जाणारा चोर मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. असा असता तर मी त्याला घरी चहाला बोलावलं असतं. माझ्याही दोन खिडक्या अडकतात."

"मग तूच सांग कोणी केलं ते."

"तू केलंस का?"

तो लाल झाला. "मी? मला आईनं त्या खोलीत पाऊल टाकू नको म्हणून सांगितलंय. तुझ्या हाताला यश नाही म्हणाली होती, सगळ्यांसमोर. तो माझा पट्टा बघ, तेव्हा आणलेला. बंडल सोडलंसुद्धा नाही मी." त्यानं जाऊन हत्यारांची पेटीच उचलून आणली. पट्टा करड्या रंगाचा होता आणि त्यावरचा कागद तसाच होता. पेटीत नाना मापांचे स्क्रू ड्रायव्हर ओळीनं लावले होते.

आत्यानं त्याच्याकडे जरा मायेनं पाहिलं. या पोरानं एक बल्ब बदलला तरी संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांना कळत असे. शटर दुरुस्त करून तो रात्रभर गप्प बसला असता तर त्याला तापच भरला असता.

थोरली, म्हणजे त्याची बायको, दाराशी उभी राहूनच बोलली. ती शाळेत शिकवायची आणि तिला आरडाओरडा आवडत नसे.

"मला ती दिसली हे खरंय, आत्या. मी शाळेतून येत होते. मी विचारलं, घरी गेली होतीस का? तर म्हणाली, एक काम होतं. बंडल होतं तिच्याकडे, पण येताना होतं की जाताना, ते मी नाही सांगू शकत. मी यांना तेवढंच सांगितलं. यांनी त्याची गोष्ट केली."

"तू चढली असतीस का खुर्चीवर?"

"मी?" थोरलीला हसू आलं. "वरच्या फळीवरचा डबा काढायचा तरी मी यांना हाक मारते. मला गरगरतं."

"आणि शिवणटिपण?"

"माझं बटण तुटलं तरी सासूबाईंकडे जातं. का हो?"

"सहज," आत्या म्हणाली. आत्या आयुष्यात काहीही सहज विचारत नसे.

४

नवीला बोलावणं धाडलं होतं, तशी ती दुकानातून थेट आली. केस मागे बांधलेले, नखांत शटरांचं ग्रीस. धाकटा तिच्या मागेमागे आत यायला लागला, त्याला आत्यानं दारातच परतवलं.

"बस," आत्या म्हणाली. "काल तू या घरी आली होतीस?"

"आले होते."

"पट्टा घेऊन?"

"हो."

"या खोलीत आलीस?"

"नाही. मी पुढच्या खोलीत बसले आणि तिथूनच गेले. मला दुकान उघडायचं होतं."

"पट्टा कोणाला दिलास?"

नवी खाली बघू लागली. "ते मी सांगणार नाही."

"तुला चोर म्हणतायत, माहितीये ना?"

"माहितीये. सकाळी थोरल्या दादांनी फोनवर सांगितलं." तिनं नखातलं ग्रीस खरवडलं. "मी काही चोरलं नाही, आत्या. एवढंच मी सांगू शकते. बाकीचं सांगायचं नाही असा शब्द दिलाय मी."

"त्यावर तुझं लग्न मोडलं तरी?"

नवीनं मान वर केली. डोळे भरले होते पण तिनं ते पुसले नाहीत.

"ज्यांना शब्द दिलाय, ते सांगतील," ती म्हणाली. "मला वाटतं सांगतील. त्यांना अवघड जातंय."

आत्याला ही पोरगी त्या क्षणी फार आवडली. तशी ती कोणाला पटकन आवडून घेत नसे.

"एकच विचारते, आणि हे तुझ्या धंद्यातलं आहे. पट्टा बदलताना एकट्यादुकट्या माणसानं काय करू नये?"

"वरचा दांडा खोबणीतून काढू नये," नवी लगेच म्हणाली. "लोकांना वाटतं, चाक खाली घेतलं की पट्टा बांधायला सोपं जाईल. पण एक टोक सुटलं की दुसरं धरवत नाही, दांडा जड असतो. मी तसं बजावून..." ती थबकली.

"बजावून सांगितलं होतंस," आत्यानं वाक्य पुरं केलं. "बस बाहेर. आणि डोळे पूस, धाकटा दारात मांजरासारख्या फेऱ्या घालतोय."

५

वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत होती.

"वन्सं, तुम्ही उगाच आलात," ती म्हणाली. "गुडघे दुखतात तुमचे."

"दुखतात. काल दुपारी तुम्ही कुठे होतात, वहिनी?"

"घरातच."

"सगळ्यांना विचारलं, तुम्हाला कोणी विचारलंच नाही, नाही का?"

"नाही विचारलं."

"मागच्या खोलीतून आवाज आला असेल. चांगला मोठा."

वहिनीनं पातेलं खाली ठेवलं. "आला."

"मग?"

"मग काय. घर म्हटलं की आवाज येतात."

आत्या स्टुलावर बसली. तिच्या भावाची बायको होती ही. हिनं शिवणयंत्रावर शाळांचे गणवेश शिवून दोन्ही मुलं शिकवली, या घराच्या भिंती उभ्या केल्या. कोणापुढे मान वाकवली नाही, आणि चुकलं असं तोंडातून कधी काढलं नाही. आजवर चुकायची वेळच फारशी आली नव्हती.

"काल संध्याकाळपासून या घरात सगळे एकच शब्द घोकतायत, चोरी, चोरी," आत्या म्हणाली. "तुमच्या तोंडून मात्र मी तो एकदाही ऐकला नाही."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. मग फडका घडी करून तिनं ओट्यावर ठेवला, उलगडला, पुन्हा घडी केला.

"ती माणसं केव्हा येणार आहेत?" तिनं विचारलं.

"येतीलच आता. उजेड आहे तोवर."

"जाऊ दे ना, वन्सं. एक लाकडाची वस्तू. मी थोरल्याला सांगते, विषय काढू नकोस म्हणून. तारीख ठरवू आणि मोकळे होऊ."

"म्हणजे पोर या घरात येणार ती संशय कपाळावर घेऊन. थोरला मनात धरून बसणार, धाकटा भावाशी बोलायचा नाही. आणि ती कोणाला काही सांगायची नाही, कारण ती शब्दाची पक्की आहे. तुम्हाला चालेल असं?"

वहिनी नळाखाली हात धुऊ लागली. हात स्वच्छ होते.

आत्या उठली. "सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावते. तुम्हीही या."

६

सगळे आले. थोरला हाताची घडी घालून, थोरली दाराजवळ, धाकटा नवीच्या शेजारी, आणि वहिनी नवऱ्याच्या खुर्चीच्या पाठीला धरून.

आत्यानं रुमाल उलगडून काडी टेबलावर ठेवली.

"हे लाकडी घराच्या खिडकीचं पातं. शटरच्या खाचेत सापडलं. आणि टेबलाला ही खोक. वरून जड दांडा सुटला, टेबलावर आदळला. मध्ये काय होतं ते तुम्हाला माहितीये. चोरी झालेलीच नाही. घर तुटलंय."

धाकट्यानं डोळे मिटले. थोरला खोकेवरून बोट फिरवू लागला.

"आता कोणी? ज्याला शटर चालू करायचं होतं त्यानं. म्हणजे चांगलं करायला गेला होता बिचारा. धाकटा दिवसभर कामावर होता. थोरली खुर्चीवर चढत नाही. थोरल्यानं केलं असतं तर हे स्क्रू असे ओरबाडले नसते, त्याची हत्यारं बघा. शिवाय त्याचा पट्टा करडा आहे, आणि त्यानं केलं असतं तर आपल्याला कालच पेढ्यांसकट कळलं असतं."

थोरली खुदकन हसली.

"म्हणजे राहिली तीच," थोरला म्हणाला, पण आता आवाजात जोर नव्हता.

"तिला आपण करूनच बघायला सांगू." आत्यानं थोरल्याच्या बंडलातला वीतभर पट्टा कापला आणि नवीपुढे धरला. "याचं टोक आकड्यात अडकवायचंय. तुमच्या दुकानात करतात तसं करून दाखव."

नवीनं काडेपेटी मागितली. पट्ट्याची कापलेली कड तिनं ज्योतीवरून सर्रकन फिरवली. धागे वितळून चिकटले, कड टणक झाली. मग थोरल्याच्या पेटीतला खिळा पकडीत धरून तापवला आणि पट्ट्यातून आरपार घातला. गोल, काळ्या कडेचं भोक पडलं. सगळं होईपर्यंत तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"असं," ती म्हणाली. "पट्टा नायलॉनचा असतो. जाळला की उसवत नाही."

आत्यानं भिंतीतल्या डबीचं झाकण बाजूला केलं आणि बदामी पट्ट्याचं टोक बाहेर काढलं. "आणि हे बघा."

सगळे वाकले.

"शिवलंय," धाकटा म्हणाला.

"नुसतं शिवलं नाही. दुमडून, दुहेरी टीप घालून शिवलंय. आणि भोक नाही हे, काज आहे. शर्टाला करतात तसं काज. शटरच्या पट्ट्याला काज करणारं माणूस दुकानात वाढलेलं नसतं. त्याला कोणीतरी तोंडी सांगितलेलं असतं की बाई, टोक बंद करा, नाहीतर उसवेल. आणि टोक बंद करायचं म्हटल्यावर त्याचे हात जे जन्मभर करत आले तेच करतात."

तिनं खांद्यावरची कापडी पिशवी काढून टेबलावर ठेवली. पिशवीच्या बंदाला तीच दुहेरी टीप होती, टोक तसंच दुमडून शिवलेलं. कोणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. पण कोणी मान वळवून बघायलाही धजेना.

"मी नाव घेणार नाही," आत्या म्हणाली. "माझं काम नुकसान कसं झालं ते सांगायचं. पुढचं ज्याचं त्यानं."

नवी काहीतरी बोलायला गेली, तशी वहिनीनं हातानं तिला थांबवलं.

"मी," वहिनी म्हणाली. "मी तोडलं."

ती खुर्चीची पाठ सोडून पुढे आली.

"ही खोली या दोघांना द्यायची होती. आज तिच्या आईबाबांना उघडून दाखवायची होती, उजेडासकट. थोरल्याला कसं सांगू? मीच त्याला तसं बोलले होते. बाहेरचा माणूस बोलावला तर त्याला आणखी लागलं असतं. म्हणून हिला म्हटलं, पट्टा आण, कसं करायचं ते सांग, आणि कोणाला बोलू नकोस. ही म्हणाली होती दांडा काढू नका. मला वाटलं, मी एवढी यंत्रं खोलली, हे काय मोठं." तिनं ओठ घट्ट मिटले. "हातातून सुटला. त्यांच्या घरावर पडला. मी तुकडे गोळा केले, आणि दांडा परत चढवला, कारण तो तसाच ठेवणं मला जमेना. संध्याकाळी सांगणारच होते. पण तू चोरी म्हणून ओरडलास, हिचं नाव घेतलंस, आणि मग... मला वाटलं, सकाळी सांगू. सकाळी वाटलं, दुपारी. जितका वेळ गेला तितकं जास्त वाईट झालं ते."

"आई," थोरला म्हणाला.

"तुझ्या हाताला यश नाही म्हणाले होते मी. माझ्याच हाताला नव्हतं. ते बोलणं मी मागे घेते." मग ती नवीकडे वळली. "आणि तुला काय सांगू? तुला चोर म्हणत होते आणि मी भांडी पुसत होते. लाज वाटते मला."

नवी आता मात्र रडली, मनसोक्त. धाकट्यानं तिचा हात धरला, सगळ्यांसमोर, आणि कोणी खाकरलं नाही.

वहिनीनं शिलाईयंत्राच्या खणातून एक पत्र्याचा डबा आणला. आत तुकडे होते, जिना वेगळा, छप्पर दुभंगलेलं, काड्या एका रुमालात. थोरल्यानं डब्यात वाकून पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले.

"हे जोडता येईल, आई. बारीक फेव्हिकॉल आणि चिमटे असले ना, तर मी..."

"तू नको," चार तोंडांतून एकदम निघालं, आणि मग सगळे हसले, वहिनीसुद्धा, रडता रडता.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

७

थोरला सगळ्यांत आधी सावरला. "हे बघा, झालं ते झालं," तो घाईघाईनं म्हणाला. "त्यांना कशाला सांगायचं? आपल्या घरातली गोष्ट. मी नवीची माफी मागतो, आत्ताच मागतो. पण त्यांच्यासमोर नको. उठून गेले तर?"

आत्यानं आपली पिशवी उचलून खांद्याला लावली. यावर तिचं मत होतं, तिचं प्रत्येक गोष्टीवर मत असे. पण तिचं काम संपलं होतं, आणि पुढे काय होईल हे या वेळी तिला खरंच माहीत नव्हतं.

वहिनीनं पदरानं चेहरा पुसला आणि ती पुढच्या दाराकडे निघाली. सगळे तिच्या मागून गेले.

दारात नवीचे आईबाबा उभे होते. शटरवाल्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, त्यांच्या बायकोच्या हातात फुलं होती. लेकीचे लाल डोळे बघून आईच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं.

"आत येण्याआधी एक ऐका," वहिनी म्हणाली. तिचा आवाज स्पष्ट होता. "कालपासून या घरात तुमच्या मुलीला चोर म्हटलं जात होतं. तिनं काही घेतलं नव्हतं. वस्तू माझ्या हातून तुटली होती, आणि तुमच्या मुलीला ती कशी तुटली असेल हे कळत होतं. तरी तिनं माझं नाव घेतलं नाही, कारण मी तिला गप्प राहायला सांगितलं होतं. आणि मी तिला बोलणी खाऊ दिली. हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. आता आत यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

शटरवाले हलले नाहीत. "चोर कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

थोरला पुढे झाला. त्याची मान खाली होती, पण तो पुढे झाला. "मी म्हणालो. चुकलो."

शटरवाल्यांनी घराकडे पाहिलं, उंबऱ्यात उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहिलं, आणि शेवटी लेकीकडे.

"तू सांग," ते म्हणाले. "चल म्हणालीस तर आत्ता निघू."



नवीनं नाक पुसलं. आईच्या हातातली फुलं घेतली आणि बाजूला होऊन वाट मोकळी केली.

"आत या, बाबा," ती म्हणाली. "या घरात चुकलं की सांगतात. जरा उशिरा सांगतात, पण दारात उभं राहून सांगतात."